मलई रंगाचा पाव: दुर्मिळ की नुसताच पिवळा पडलेला?

तीन नंबरचा काउंटर (फोंडा)

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण आधी थोडं रडगाणं ऐकून घ्या.

मी बँकेत कॅशियर आहे, वय ४६. नोटा मोजायचं काम हल्ली यंत्र करतं, लोकांचं ऐकून घ्यायचं काम अजून माझ्याकडेच आहे. चार वर्षांपूर्वी भाचीने वाढदिवसाला एक स्क्विशी दिली, म्हणजे दाबून सोडलं की हळूहळू वर येणारं मऊ फोमचं खेळणं. पावाच्या आकाराची, वरून भट्टीतून काढल्यासारखी तपकिरी. ती काउंटरच्या खणात पडून होती. एका सोमवारी एक गिऱ्हाईक पासबुकातल्या एंट्रीवरून पंधरा मिनिटं ओरडत होतं, तेव्हा हात आपोआप खणात गेला. डाव्या हाताने पाव दाबत, उजव्या हाताने पेन चालवत मी शेवटपर्यंत गप्प राहिलो. शाखेत कुणाचा विश्वास बसेना.

आता माझ्याकडे ६३ आहेत. सगळे पावच. मांजरं, डोनट, आइस्क्रीम, शिंगवाले घोडे यांना माझ्या कपाटात प्रवेश नाही. बायको म्हणते, पाव विकणारा पोदेरसुद्धा सायकलवर एवढे उंडे (गोल पाव) घेऊन फिरत नसेल. आईने कपाट पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला एकच शंका आली, "आनी हे उंडे कोण खातलो?"

रंगांचा हिशोब सांगतो, सवयच आहे. तपकिरी २२, गुलाबी ११, पुदिन्यासारखे हिरवे ९, आकाशी ८, पांढरे ६, पिवळे ४. एक केशरी, जो मी परत कुठे पाहिलेला नाही. एक कोळशासारखा काळा. आणि एक मलई. बेरीज ६३. लव्हेंडर शून्य, आणि ते शून्य मला चार वर्षं टोचतंय.

मलईची गोष्ट अशी. गेल्या श्रावणात वास्कोच्या सप्ताहाच्या जत्रेला गेलो होतो. पाऊस धो धो, दुकानांवर निळी ताडपत्री, खाली चिखल. एका दुकानात वरच्या दोरीला हा एकटाच लटकत होता. दुकानदार म्हणाला, "रेअर है साब, पूरे डिब्बे में एक ही आता है." पांढरे त्याच दुकानात १५० ला होते, याचे त्याने ४५० सांगितले. मी घासाघीस केली नाही. आयुष्यभर लोकांचे पैसे मोजणाऱ्या माणसाने हे कबूल करणं जड जातं, पण नाही केली.

आता झालंय असं, की मे महिन्यात कपाट आवरताना मलई पाव माझ्या सगळ्यात जुन्या पांढऱ्याशेजारी ठेवला गेला. हा पांढरा पहिली दोन वर्षं खिडकीत होता. दोघांत मला फरक सापडेना! जुळे भाऊ. पोटात गोळाच आला.

खोटी नोट हाताला कळते. कागद बोलत नाही, छपाईचा उठाव बोटाला लागत नाही. इथे मात्र हात काहीच सांगत नाही. दोन्ही दाबले तर सारखेच दबतात, सारखेच हळूहळू वर येतात.

घाई यासाठी, की इथल्याच मडगावच्या एका ताईंनी लव्हेंडरच्या बदल्यात हा मलई मागितलाय. माझा पाव खरंच त्या रंगाचा असेल तर आनंदाने देईन. पांढरा पिवळा पडला असेल तर कुठल्या तोंडाने देऊ? तर हे ओळखायचं कसं? आणि पिवळा पडलाच असेल तर परत पांढरा करता येतो का?

जाता जाता आणखी एक. बँकेच्या एसीत माझा रोजचा पाव पूर्ण वर यायला नऊ सेकंद घेतो. घरी मे महिन्यात तोच चार सेकंदांत उभा. घड्याळ लावून बघितलंय. माल खराब होतोय का?

फेरीतली बाय (म्हापसा)

काउंटरबाब, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या "वरच्या दोरी"तच आहे.

आमचं खेळण्यांचं दुकान. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात, बाकी वर्षभर फेस्तं (चर्चचे उत्सव) आणि जत्रा. मिलाग्रीसचं फेस्त, वास्कोचा सप्ताह, डिसेंबरात ओल्ड गोवा. शेजारी खाजेवाला, पलीकडे बांगड्या, मध्ये आम्ही. त्यामुळे दुर्मिळ रंग कसा "तयार" होतो ते माझ्याकडून ऐका.

माल डब्यात येतो तो मिसळलेला. कुठला रंग किती, हे आम्ही ठरवत नाही. डबा फोडल्यावर कळतं. तपकिरी, गुलाबी भरपूर असतात, एखादा रंग एकच निघतो. तो एकटा आम्ही बाजूला काढतो, वरच्या दोरीला टांगतो आणि जास्त किंमत सांगतो. यात खोटं काही नाही, त्या डब्यात तो खरंच एकटा असतो. पण पुढच्या डब्यात त्याच रंगाचे वीस निघाले तर? तेव्हा आम्ही गप्प बसतो, एवढंच.

पूर्वी माल ढिगाने यायचा. फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. मध्ये १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा. तेव्हापासून जे येतं ते थोडं थोडं, आज इकडून उद्या तिकडून, म्हणून तोच रंग परत मिळेल याची खात्री कुणालाच नाही. तुम्ही लोक ज्याला रेअर म्हणता त्यातलं अर्धं हे आहे. (आणि मार्क नसलेला माल लहान मुलांसाठी घेऊ नका, मी दुकानदार असून सांगते.)

आता दोरीचं. वर टांगलेल्या मालाला दिवसा ऊन, रात्री दिवा. न खपलेला तुकडा एका फेस्तातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. पांढरा पाव अशा तीन फेऱ्या फिरला की मलई होतो. माझ्याकडे झालेत. मी ते पन्नासला काढून टाकते. ४५० ला विकायचं मला सुचलं नव्हतं हो.

तुमच्या पावाला टांगायची रिबीन किंवा साखळी आहे का? ती सरकवून खालचा रंग बघा. ऊन तिथे पोचत नाही.

वेर्ण्याचा केमिस्ट

बायनी सांगितलेली परीक्षा बिनचूक आहे. कारण सांगतो.

हळूहळू वर येणाऱ्या स्क्विशी पॉलियुरेथेन फोमच्या असतात. उशीतला मेमरी फोम याच घराण्यातला, तो १९६६ मध्ये नासासाठी काम करताना चार्ल्स योस्ट यांनी तयार केला. दोन द्रव एकत्र करून साच्यात ओततात, ते फुगतं आणि जमतं. पावाच्या भट्टीपेक्षा फार वेगळं नाही. रंग त्या द्रवातच मिसळलेला असतो, म्हणून खऱ्या मलई रंगाचा पाव आतबाहेर मलईच निघणार. वरचा भाजलेला तपकिरी तेवढा नंतर फवारलेला.

त्या दोन द्रवांतला एक म्हणजे आयसोसायनेट, ते बहुतेक वेळा ॲरोमॅटिक जातीचं असतं, कारण ते स्वस्त. त्याची खोड अशी की उजेडात ते पिवळं पडतं. जिथे उजेड लागला तिथे आधी, म्हणजे वरून. पोट पांढरंच राहतं. म्हणून रिबिनीखाली बघा, आणि साखळीच्या भोकात टूथपिक घालून ते हलकेच रुंद करा, आतला रंग दिसेल. कापू नका. गॅसच्या शेगडीचा किंवा गाड्यांचा धूरही फोम पिवळा करतो, त्यामुळे स्वयंपाकघरात आणि रस्त्याकडच्या खिडकीत ठेवलेले सगळे संशयित.

परत पांढरा करता येणार नाही. जुन्या कॉम्प्युटरचं पिवळं प्लास्टिक लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात आणि ते उजळतं, पण ते कडक प्लास्टिक. फोम ते पाणी पिऊन बसेल, आपल्याकडच्या हवेत सुकणार नाही, आणि ज्या उन्हाने बिघडवलं त्याच उन्हात तुम्ही त्याला परत ठेवणार. नका करू.

नऊ सेकंद आणि चार सेकंदांचं अगदी बरोबर आहे, माल खराब नाही. हा फोम गारव्यात घट्ट होतो आणि उष्म्यात सैल. डिसेंबरच्या सकाळी बाटलीतलं खोबरेल आठवा, तसं काहीसं. घट्ट फोम सावकाश वर येतो. तुमच्या बँकेचा एसी किती थंड आहे हे तुमचा पाव सांगतोय.

खरी काळजी ऊन नाही, पाऊस आहे. लग्नात घातलेले बूट कपाटात ठेवता, दोन पावसाळ्यांनी बाहेर काढता आणि सोल भुग्यासारखा हातात येतो ना? तेही पॉलियुरेथेनच. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या रेणूंच्या साखळ्या हवेतल्या ओलाव्याने तुटतात. स्क्विशी कुठल्या जातीची हे पाकिटावर लिहीत नाहीत, म्हणून सगळ्यांना वाईटच धरून चाला. झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, काळोख. महिन्यातून एकदा उघडून वारा द्या. आणि गोव्यातल्या प्रत्येक कपाटात असतात त्या डांबरगोळ्या तिथे ठेवू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात.

नव्या स्क्विशीला तीव्र वास येत असेल तर तो कौतुकाने हुंगू नका. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये १२ स्क्विशी तपासल्या, तेव्हा त्यांतून डायमिथाइलफॉर्मामाइड, स्टायरीन, टोल्युईन असली द्रव्यं बाहेर पडताना सापडली. ६३ पाव असलेलं कपाट झोपायच्या खोलीत असेल तर हलवा.

डिचोलीचा बेडूक

काका, मी दहावीत आहे, माझ्याकडे पाव नाहीत, मोची आहेत. ते छोटे चिकट रबराचे प्राणी. त्यांची भानगड वेगळी. मी लाल खेकडा आणि पांढरा ससा एकाच डबीत दाबून ठेवले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ससा अर्धा गुलाबी. वर्गात सगळे म्हणाले टू-टोन आहे, रेअर आहे. मी काही बोललो नाही. एकाने त्याच्या बदल्यात तीन दिले. तीनही घेतले.

आता हा धागा वाचून जरा कसंतरी होतंय.

मोची चिकट झाली की साबणाने धुवा, सुकवा, पावडर लावा. यूट्यूबवर कॉर्नफ्लॉवर सांगतात, तसं केलं तर आमच्याकडे मुंग्या आल्या. आणि ते साखरेच्या पाकाचे जेलवाले गोळे असतात ना, बहिणीचा एक रात्री उशीखाली फुटला. मुंग्या, केस, उशी, आई. जास्त सांगत नाही.

वेर्ण्याचा केमिस्ट

बेडका, मोचीच्या रबरात मऊपणासाठी तेल घातलेलं असतं. ते तेल बाहेर येतं आणि रंग घेऊनच येतं. मोची एकमेकांना चिकटवून ठेवायच्या नाहीत, कडक पारदर्शक डबीतही नाही, त्या डबीवर डाग पडतात, कधी ती चक्क वितळल्यासारखी होते. प्रत्येकीला बटर पेपरात गुंडाळ. आणि त्या मुलाला ससा कसा गुलाबी झाला ते सांग.

डिचोलीचा बेडूक

बोर्डाची परीक्षा झाल्यावर सांगतो.

कुळागरकार

४५० रुपयांत महिनाभर खरे उंडे येतात. गरम. दाबले तर तेही वर येतात.

तीन नंबरचा काउंटर (फोंडा)

कुळागरकार, तुमचे उंडे दुसऱ्या दिवशी कडक होतात. माझा पहिला पाव चार वर्षं मऊ आहे.

असो, निकाल सांगतो. काल रात्री जेवण झाल्यावर टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बायकोला टॉर्च धरायला लावला. ती म्हणाली, तुझ्या भावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू एवढा घाबरला नव्हतास. रिबीन सरकवली. खाली एक पट्टा, पांढराशुभ्र. धुतलेल्या धोतरासारखा. तरी मन मानेना, म्हणून टूथपिकने भोक रुंद करून आत बघितलं. आतही पांढरा.

म्हणजे माझ्याकडे मलई शून्य, पांढरे सात. वहीत दुरुस्ती केली, लाल शाईने, सही करून.

राग दुकानदाराचा येत नाही. त्याच्या डब्यात कदाचित तो खरंच एकटा होता, बाय म्हणते तसा. राग आपल्याच डोळ्यांचा येतो. दहा महिने रोज रात्री तो रंग बघून झोपलो, आणि पोटावर एकदाही बोट फिरवलं नाही. खिडकीतल्या जुन्या पांढऱ्याचंही तेच, पोट पांढरं. तो मात्र प्रामाणिक होता, त्याने कधी मलई असल्याचा दावा केला नव्हता.

मडगावच्या ताई, तुम्ही हे वाचत असालच. अदलाबदल रद्द समजा. वाईट वाटतं, पण तुम्हाला फसवायचं नाही.

सांजवेळ (मडगाव)

मीच ती ताई. दोन दिवस मुद्दाम गप्प होते, म्हटलं बघू भाऊ काय करतात.

दादा, तुम्ही मला विचारलंच नाहीत की मला मलई कशाला हवा आहे. मी दुर्मिळ वगैरे जमवत नाही. माझ्या भिंतीवर लाकडी फळी आहे, तिच्यावर मी रंग उतरत्या क्रमाने लावते. पांढऱ्यापासून हळदीपर्यंत जायचंय, आणि मध्ये एक पायरी तुटली आहे. पांढऱ्यानंतर एकदम लिंबाचा पिवळा येतो, डोळ्याला ठेच लागते. तुमच्या फोटोतला रंग नेमका त्या फटीत बसतो. तो कारखान्यात झाला की वास्कोच्या दोरीवर, याच्याशी माझ्या फळीला काय करायचंय?

लव्हेंडर माझ्याकडे दोन आहेत. एक जास्तीचा आहे. या आणि घेऊन जा.

वेर्ण्याचा केमिस्ट

ताई, एक लक्षात घ्या, तो रंग थांबलेला नाही. तुमच्या फळीवर उजेड येत असेल तर आणखी दोन वर्षांत तो तुमच्या लिंबाला जाऊन मिळेल. परत फट पडेल.

सांजवेळ (मडगाव)

मग त्याला एक घर पुढे सरकवीन आणि त्याच्या जागी दुसरा पांढरा उन्हात ठेवीन. बायकडे पन्नासला मिळतातच म्हणे.

फेरीतली बाय (म्हापसा)

मिळायचे, बाय. हा धागा वाचल्यापासून शंभर झालेत.

तीन नंबरचा काउंटर (फोंडा)

ताई, तुम्ही म्हणता ते पटतं, पण माझा हात पुढे होत नाही. पिवळ्या पडलेल्या पांढऱ्याच्या बदल्यात सरळ लव्हेंडर? कॅशियरच्या हिशोबात हे बसत नाही. सोबत पुदिन्याचे दोन घ्या.

सांजवेळ (मडगाव)

पुदिना माझ्याकडे चौदा आहेत. एवढंच मनाला लागत असेल तर तो केशरी द्या की.

तीन नंबरचा काउंटर (फोंडा)

केशरीचं नाव काढू नका.

या चौथ्या शनिवारी बँक बंद आहे. सकाळच्या कदंबाच्या बसने येतो, साडेदहापर्यंत मडगावच्या स्टँडवर असेन. निळी छत्री, हातात स्टीलचा डबा. डब्यात मलई, दोन पुदिना आणि आईने दिलेल्या चार नेवऱ्या. पुदिना नको असेल तर परत नेईन, नेवऱ्या मात्र परत घेणार नाही. केशरी घरीच राहील. त्याची रिबीन सरकवून बघायची अजून हिंमत झालेली नाही.